ट्रायग्लिसराइडवरचं ॲडिनोसिन औषध (जीएस-९६६७) : कल्पना चांगली, मग घोडं अडलं कुठे?

केमिस्ट्री_चाळ :

रक्तातल्या चरबीवरच्या अर्धवट राहिलेल्या औषधांची यादी करत होतो, त्यात हे नाव पुन्हा सापडलं. जीएस-९६६७, मूळ नाव सीव्हीटी-३६१९. पालो आल्टोच्या सीव्ही थेरप्युटिक्सचं. रॅनोलाझिन आणि रेगाडेनोसॉन काढणारी तीच कंपनी. २००९ मध्ये गिलियडने ती विकत घेतली आणि सीव्हीटीचं जीएस झालं.

साखळी अशी. ॲडिनोसिन हा शरीरातच तयार होणारा, पेशींना निरोप देणारा रेणू. चरबीपेशीवर त्याचा ए१ रिसेप्टर (निरोप घेणारं प्रथिन) असतो, पेशीतलं काम मंदावणाऱ्या जीआय प्रथिनाला जोडलेला. तो चेतला की ॲडिनिलिल सायक्लेज हे एन्झाइम मंदावतं, ते बनवतं तो निरोप्या रेणू सायक्लिक एएमपी उतरतो, त्यावर चालणारं पीकेए हे एन्झाइम थंडावतं. मग पेरिलिपिन (चरबीच्या थेंबावरचं प्रथिन) आणि एचएसएल (चरबी फोडणारं एन्झाइम) यांच्यावर फॉस्फेट चढत नाही आणि साठवलेल्या चरबीचं विघटन थांबतं. रक्तात मुक्त फॅटी ॲसिड (पुढे एफएफए) कमी, यकृताकडे कच्चा माल कमी, व्हीएलडीएल (यकृतातून ट्रायग्लिसराइड रक्तात नेणारे कण) कमी, म्हणून ट्रायग्लिसराइड कमी. शिवाय स्नायूंतलं इन्सुलिनचं कामही सुधारायला हवं. रँडल यांनी १९६३ मध्ये मांडलेलं ग्लुकोज-फॅटी ॲसिड चक्र हेच सांगतं.

दोन प्रश्न आहेत. ए१ रिसेप्टर हृदयातही भरपूर, मग नाडी न पाडता हे जमवलं कसं? आणि २०१३ मध्ये माणसांवरचे निष्कर्ष छापून आले, बरेही होते, तरी गोळी दुकानात का आली नाही?

(इथल्या कशालाही वैद्यकीय सल्ला समजू नये, हे नेहमीचं.)

नाडीपरीक्षा :

पहिल्या प्रश्नातली भीती रास्त आहे. एसए नोडवरचा (हृदयाचा ठोका सुरू करणारी जागा) ए१ चेतला की नाडी मंदावते, एव्ही नोडवरचा (तो ठोका खालच्या कप्प्यांकडे पोचवणारी जागा) चेतला की वहन अडतं. एसव्हीटी (अचानक सुरू होणारी भरधाव नाडी) मोडायला आपण हेच मुद्दाम करतो. ॲडिनोसिन ६ मिलिग्रॅम, कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून एक-दोन सेकंदांत ढकलायचं, लगोलग २० मिली सलाईन. नाही मोडली तर १२. हळू ढकललं तर औषध हृदयापर्यंत पोचण्याआधीच संपतं, आणि 'औषध लागू पडलं नाही' असं केसपेपरवर चढतं.

हे सगळं सुरक्षित आहे ते अर्धायुष्य १० सेकंदांहूनही कमी असल्यामुळे. तोच परिणाम गोळीने सहा-आठ तास टिकवला तर शेजारी पेसमेकर ठेवावा लागेल. मूत्रपिंडात ए१ मुळे आत येणारी सूक्ष्म धमनी आकसते आणि गाळण कमी होतं. मेंदूत गुंगी येते. म्हणजे पूर्ण ॲगोनिस्ट (रिसेप्टरला पूर्ण जोराने चेतवणारं औषध) घेऊन चरबी उतरवायची तर आधी माणूस आडवा होणार.

गोळी_क्रमांक_७ :

म्हणून तर पूर्ण ॲगोनिस्ट घेतलाच नाही. गोम 'पार्शल' (अर्धवट चेतवणारा) या शब्दात आहे, आणि त्याहून जास्त 'राखीव रिसेप्टर' या कल्पनेत.

समजायला सोपे आकडे घेतो (खरे मोजलेले नाहीत, हिशेबापुरते). चरबीपेशीवर १०० रिसेप्टर आहेत आणि पूर्ण परिणामासाठी १० जणांचा जोर पुरतो. हृदयाच्या एव्ही नोडमध्येही १००, पण तिथे पूर्ण परिणामाला ६० जणांचा जोर लागतो. पूर्ण ॲगोनिस्ट प्रत्येक रिसेप्टरकडून १ जोर काढतो, त्यामुळे दोन्हीकडे १००, दोन्हीकडे पूर्ण परिणाम. पार्शल ॲगोनिस्ट प्रत्येकाकडून ०.२ जोर काढतो. सगळे रिसेप्टर व्यापले तरी एकूण जोर २०. चरबीत १० ची गरज होती, तिथे काम पूर्ण झालं. हृदयात ६० लागत होते, तिथे तिसरा हिस्सा. मोठा फायदा असा की डोस वाढवला तरी हृदयातला २० चा आकडा पुढे सरकत नाही. रिसेप्टरच संपले.

म्हणजे निवड रिसेप्टरच्या जातीने होत नाही, ऊतीतल्या शिलकीने होते. ही शिलक प्रत्यक्ष मोजायची रीत आहे. एफएससीपीएक्ससारखा ए१ ला कायमचा चिकटणारा रोधक वाढत्या मात्रेत द्यायचा आणि किती रिसेप्टर बाद झाल्यावर परिणाम घसरायला लागतो ते पाहायचं. शिलक मोठी असेल तर आलेख आधी फक्त उजवीकडे सरकतो, त्याची उंची फार उशिरा कमी होते. शिलक नसेल तर पहिल्याच मात्रेला उंची पडते.

तिरकस :

समजलं. चरबीपेशी म्हणजे सरकारी कचेरी. शंभर खुर्च्या, काम दहाजणांचं. सगळे अर्ध्या मनाने बसले तरी फाइल हलते. हृदय म्हणजे एसटीचा डेपो, तिथे साठ ड्रायव्हर खरोखरच लागतात.

गोळी_क्रमांक_७ :

@तिरकस, वर्गात वापरणार हे.

नाडीपरीक्षा :

उपमा छान, पण एक बाजू राहिली. पार्शल ॲगोनिस्ट म्हणजे पंगतीत पाट अडवून बसलेला, दोन घास खाणारा पाहुणा. पंगत रिकामी असेल तर त्याचे दोन घास हा फायदा. पण खरा भुकेला आला की त्याला पाट मिळत नाही.

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की तिथे स्वतःचं ॲडिनोसिन भसाभस तयार होतं आणि ए१ मार्फत पेशींचं काही अंशी रक्षण करतं. त्या वेळी रिसेप्टरवर आधीच ०.२ जोराचा पाहुणा बसलेला असेल तर तो व्यवहारात रोधक ठरतो. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसालाच हृदयविकाराची शक्यता जास्त, म्हणजे ज्याला गोळी द्यायची त्यालाच ही अडचण. निरोगी स्वयंसेवकांच्या ईसीजीत हे कधीच दिसणार नाही.

गोळी_क्रमांक_७ :

मुद्दा तत्त्वतः मान्य. किती पाट अडतात ते औषधाच्या रक्तातल्या पातळीवर ठरेल. चरबीत शिलक मोठी असल्यामुळे तिथे निम्मे पाट अडवूनही भागतं, सगळे अडवायची गरज नाही. तरी एव्ही ब्लॉक असलेले, नाडी मंदावणारी औषधं (बीटा ब्लॉकर किंवा डिगॉक्सिन) घेणारे अशांना सुरुवातीला बाहेरच ठेवावं लागेल.

बायरने याच कुळातले दोन पार्शल ॲगोनिस्ट हृदयासाठीच करून पाहिले, कॅपाडेनोसॉन आणि नेलाडेनोसॉन. नेलाडेनोसॉनच्या पॅन्थिऑन आणि पॅनाश या दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत हृदय निकामी होण्यावर उपयोग दिसला नाही. पण ती वेगळी वाट.

पिपेट :

साखळी कागदावर सरळ दिसते. बाकावर हा प्रयोग बसवताना जे बिघडतं त्यातच निम्मं औषधशास्त्र आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पद्धत रॉडबेल यांची, १९६४ ची. (तेच मार्टिन रॉडबेल, ज्यांना जी प्रथिनांसाठी १९९४ चं नोबेल विभागून मिळालं.) उंदराची, म्हणजे मोठ्या रॅटची, वृषणाजवळची चरबी घ्यायची, कात्रीने बारीक करायची. क्रेब्ज-रिंगर-हेपीस बफर, पीएच ७.४, त्यात फॅटी ॲसिड काढलेलं अल्ब्युमिन ३-४ टक्के, थोडं ग्लुकोज. कोलॅजिनेज मिलीला १ मिलिग्रॅम, ३७ अंश, हलक्या हालचालीवर अर्धा ते एक तास. २५० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळायचं. चरबीपेशी वर तरंगतात, खालचं पाणी सिरिंजने ओढून टाकायचं. असं तीनदा.

आता चुका.

काचेची नळी वापरू नका. पेशी काचेला लागून फुटतात आणि वर तेलाचा तवंग येतो. प्लॅस्टिक हवं. पिपेटचं टोक कापून रुंद करा.

कोलॅजिनेजच्या प्रत्येक लॉटचा स्वभाव वेगळा. नवा लॉट आला की आधी तपासा, नाहीतर महिनाभराचे आकडे आधीच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

अल्ब्युमिनमध्ये कंजुषी केली तर सुटलेलं फॅटी ॲसिड धरायला कोणी उरत नाही, ते पेशीतच साचतं आणि विघटन आपोआप थांबतं. औषध न घालताच 'औषधाचा परिणाम' दिसतो.

सगळ्यात महत्त्वाची चूक आता. या पेशी स्वतःच ॲडिनोसिन गाळत असतात. छोट्या नळीत दाटीने ठेवल्या की त्यांनीच आपला ए१ दाबून धरलेला असतो, वर तुम्ही ए१ ॲगोनिस्ट घातलात तर फरक काय दिसणार? म्हणून आधी ॲडिनोसिन डिॲमिनेज, मिलीला साधारण १ युनिट, घालून ते साफ करायचं. मग फॉर्स्कोलिन किंवा आयसोप्रोटेरेनॉलने विघटन चालू करायचं, मग तपासायचं औषध, अर्धा-एक तास थांबायचं आणि खालच्या द्रवात ग्लिसरॉल मोजायचं.

यात एक खड्डा आहे ज्यात प्रत्येक नवा विद्यार्थी पडतो. हे डिॲमिनेज पुष्कळदा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये विरघळवून येतं. म्हणजे जे मोजायचं तेच तुम्ही बाटलीतून ओतलंत! सगळ्या नळ्या कमाल आकडा दाखवतात. एकतर अमोनियम सल्फेटमधलं घेऊन बफर बदलून वापरा, नाहीतर ग्लिसरॉलऐवजी एफएफए मोजा.

तिरकस :

दूध मोजायचं आणि भांडं दुधाने विसळायचं.

केमिस्ट्री_चाळ :

@पिपेट, नळीत डिॲमिनेज असताना जीएस-९६६७ कसं टिकतं हे रचनेतच दिसतं. ते एन्झाइम ॲडिनोसिनच्या सहाव्या जागेवरचा अमिनो गट काढतं. इथे त्या नायट्रोजनवर हायड्रॉक्सिसायक्लोपेंटिल कडं बसवलंय, एन्झाइमला दात लावायला जागाच नाही. तेच कडं ए१ ची ओढही वाढवतं. जुने सीपीए आणि पीआयए हे पूर्ण ॲगोनिस्टही याच जागेवर बदल करून बनले आहेत.

फरक साखरेच्या टोकाला आहे. ॲडिनोसिनमध्ये पाचव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल असतो, तो रिसेप्टरच्या तळाशी बंध धरतो आणि चेतवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो काढून तिथे गंधकामार्फत फ्लुओरोफिनाइल जोडलं. रेणू खिशात नीट बसतो, पण कळ पूर्ण दाबत नाही. पार्शलपणा आला तो तिथून.

दोन_कटिंग :

धाग्याची उंची पाहून घाबरत विचारतो. कॅफिनही ॲडिनोसिनलाच अडवतं ना? मग दिवसाला सहा कटिंग घेणाऱ्यावर ही गोळी चालेल?

गोळी_क्रमांक_७ :

प्रश्न अजिबात साधा नाही. कॅफिन आणि थिओफिलिन दोन्ही ए१ चे स्पर्धक रोधक. म्हणूनच ॲडिनोसिन किंवा रेगाडेनोसॉन देऊन करायच्या स्ट्रेस टेस्टआधी १२ ते २४ तास चहा-कॉफी-कोला बंद ठेवायला सांगतात (तिथे ए२ए रिसेप्टरचं काम असतं, पण कॅफिन दोघांनाही अडवतं). कॅफिनचं अर्धायुष्य साधारण ५ तास, त्यामुळे सकाळी सहापासून सहा कटिंग म्हणजे दुपारपर्यंत चांगली पातळी साठते.

स्पर्धक असल्यामुळे औषधाचा डोस वाढवून मात करता येते, हे पूर्ण ॲगोनिस्टच्या बाबतीत. पार्शलचा जोर मुळात बेताचा, त्याला हे जड जातं. आपल्याकडे खरी काळजी चहाची नाही, दम्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या एटोफिलिन-थिओफिलिन जोडगोळीची आहे. रुग्ण ती औषध म्हणून सांगतच नाही, 'दम्याची नेहमीची गोळी' म्हणतो. उलट बाजूला डायपिरिडॅमोल. ते ॲडिनोसिनचं पेशीत परत जाणं अडवतं, त्यामुळे शरीरातलं ॲडिनोसिन वाढतं. एसव्हीटीत अशा रुग्णाला ॲडिनोसिनचा पहिला डोस ३ वर आणतात तो म्हणूनच.

दोन_कटिंग :

म्हणजे 'कॉफीने चरबी जळते' हे खरं?

साखरझोप :

सुटते. जळते असं नाही. कॅफिनने एफएफए रक्तात वाढतं हे पक्कं. पण ते वापरायला स्नायू चालले पाहिजेत. खुर्चीत बसून राहिलात तर तेच यकृतात जाऊन पुन्हा ट्रायग्लिसराइड होतं. तिजोरीतून पैसे काढले, खर्च केले नाहीत, संध्याकाळी पुन्हा भरले.

आता मूळ विषय. 'चरबीपेशीला गप्प बसवून ट्रायग्लिसराइड उतरवा' ही कल्पना ॲडिनोसिनवाल्यांची नाही. नायासिनची (निकोटिनिक ॲसिड, म्हणजे बी३ जीवनसत्त्व) आहे. १९५५ मध्ये मोठ्या डोसचं निकोटिनिक ॲसिड कोलेस्टेरॉल उतरवतं हे दिसलं, २००३ मध्ये त्याचा रिसेप्टर जीपीआर१०९ए सापडला. तोही चरबीपेशीवर, तोही जीआयला जोडलेला. म्हणजे ए१ चा शेजारी, एकाच नळाची दुसरी तोटी. नायासिनचे दोन त्रास प्रसिद्ध. चेहरा लालबुंद होऊन जळजळणं, जे त्वचेतल्या पेशींच्या प्रोस्टाग्लँडिनमुळे होतं (अर्धा तास आधी ॲस्पिरिन दिलं तर कमी होतं). आणि दुसरा, उसळी. दोनेक तास एफएफए तळाला जातं, मग परिणाम ओसरला की मूळ पातळीच्याही वर जातं.

उसळी का? उपाशीपोटी शरीराला एफएफए हवंच असतं. अचानक तोडलं तर ग्रोथ हॉर्मोन, कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन वाढवून शरीर दार ठोठावतं. ॲसिपिमॉक्सने (नायासिनच्याच कुळातलं औषध) एफएफए पाडलं की ग्रोथ हॉर्मोन वाढतं हे चांगलं नोंदलेलं आहे. आणि रिसेप्टर थकतो तो वेगळाच. पूर्ण ॲगोनिस्टने ए१ ही थकतो. रॅटना पीआयए सलग दिवसचे दिवस दिलं की चरबीपेशीवरचे ए१ संख्येने घटतात. पार्शल ॲगोनिस्टने हे कमी होतं, ही त्याची दुसरी जमेची बाजू, जी इथे अजून कुणी सांगितली नव्हती.

आकडेमोड :

२०१३ च्या निष्कर्षांचे आकडे धाग्यात आले नाहीत, देतो. एकदाच द्यायच्या डोसमध्ये सडपातळ निरोगी लोकांना ३० ते १८०० मिलिग्रॅम, लठ्ठ लोकांना ३००, ६०० आणि १८००. सलग १४ दिवसांच्या भागात ६०० एकदा, १२०० एकदा किंवा ६०० दोनदा. ३०० पासून वर डोसागणिक एफएफए घटत गेलं. १४ दिवसांत रिसेप्टरचा थकवा किंवा एफएफएची उसळी दिसली नाही. औषध लवकर शोषलं जातं आणि लवकर बाहेर पडतं, पातळी ३ ते ५ दिवसांत स्थिरावते. सहनही झालं.

यात काय नाही ते पाहा. ट्रायग्लिसराइड खरोखर वाढलेले रुग्ण नाहीत. १४ दिवस म्हणजे फार थोडा काळ. आणि दिवसाला १२०० मिलिग्रॅम म्हणजे घोड्याच्या गोळ्या.

एफएफए मोजण्याबद्दलही लिहितो, कारण बहुतेक पॅथॉलॉजी लॅबच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते नसतं आणि मागवलंच तर सहज चुकतं. नमुना ईडीटीएच्या नळीत, बर्फात, अर्ध्या तासात ४ अंशांवर फिरवून प्लाझ्मा वेगळा, लगेच उणे ८० वर. हेपरिन चालणार नाही. शरीरात गेलेलं हेपरिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपोप्रोटीन लायपेज (ट्रायग्लिसराइड फोडणारं एन्झाइम) सोडवतं, मग नळीतही ट्रायग्लिसराइड फुटत राहतात आणि एफएफए खोटं वाढतं. सलाईनची नळी हेपरिनने धुतली असेल तरी हेच. ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यात चूक मोठी, कारण फुटायला मालच जास्त. संशोधनात यासाठी नळीत ऑरलिस्टॅट घालून ठेवतात. हो, तीच वजन कमी करायची गोळी, इथे लायपेजरोधक म्हणून.

माणूसही स्थिर हवा. सुई टोचल्याच्या भीतीने एफएफए वाढतं, सिगारेटने वाढतं, उपवास १० ऐवजी १४ तास झाला तर वाढतं. कॅन्युला लावून किमान १५-२० मिनिटं पडू द्या. आणि जेवणानंतर इन्सुलिन एकटंच एफएफए तळाला नेतं, त्या वेळी औषधाचं श्रेय काढू नका. त्याच घड्याळाचा प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) गट नसेल तर आलेख कुठलीही गोष्ट सांगेल.

वाटाणा :

फार वरचं चाललंय. साधं विचारते. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड ६५० आलंय आणि एलडीएलच्या जागी काहीच छापलेलं नाही, असं झालं तर आज करायचं काय? हे औषध तर नाहीच.

आकडेमोड :

एलडीएल छापलं नाही म्हणजे लॅब प्रामाणिक आहे. एलडीएल पुष्कळ ठिकाणी मोजत नाहीत, काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. हे फ्रीडवॉल्ड सूत्र ४०० च्या वर लागू पडत नाही. थेट मोजलेलं मागा, नाहीतर एकूणमधून एचडीएल वजा केलेला 'नॉन-एचडीएल' आकडा पाहा, त्याला ही अट नाही.

साखरझोप :

@वाटाणाताई, क्रमाने. पहिलं, १०-१२ तास उपाशी, आदल्या रात्री दारू नाही, पुन्हा तपासणी. दुसरं, कारण शोधा. बेताल साखर (एचबीए१सी), थायरॉइड (टीएसएच), लघवीतलं प्रथिन, दारू, आणि चालू औषधं. स्टेरॉइड, इस्ट्रोजेन, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, थायाझाइड, काही बीटा ब्लॉकर. ६५० च्या मागे बहुतेक वेळा यांतलं एखादं असतं, आणि साखर आटोक्यात आली की निम्मं काम होतं.

५०० च्या वर उद्देश बदलतो, तिथे आधी स्वादुपिंड वाचवायचं. १००० च्या वर तर जेवणातली एकूण चरबी दिवसाला १५-२० ग्रॅमवर आणतात. यात तूप, तेल, शेंगदाण्याचं कूट, खोबरं सगळं आलं. भाजीवर 'फक्त फोडणीपुरतं' तेल हा हिशेब इथे चालत नाही, एक मोठा चमचा म्हणजेच सुमारे १४ ग्रॅम. पोटातून पाठीत जाणारी तीव्र कळ आली तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय.

औषधांत फेनोफायब्रेट. १६० ची गोळी जेवणाबरोबर, १४५ ची कधीही. क्रिएटिनिन थोडं वाढतं, म्हणून आधी आणि नंतर तपासायचं. स्टॅटिन चालू असेल तर जेम्फायब्रोझिल नको, स्नायू झिजतात. मधुमेह असेल तर सॅरोग्लिटाझर ४ मिलिग्रॅम हाही पर्याय, अहमदाबादच्या झायडसचा, २०१३ पासून भारतात आहे.

नाडीपरीक्षा :

फेनोफायब्रेट स्वादुपिंडासाठी ठीक. हृदयासाठी द्यायचं असेल तर २०२२ ची प्रॉमिनंट चाचणी आठवा. पेमाफायब्रेट, १०,४९७ मधुमेही, ट्रायग्लिसराइड सव्वीसेक टक्क्यांनी उतरलं, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत.

पिपेट :

आणि आयकोसापेंट इथाइलची (शुद्ध केलेलं ओमेगा-३) रिड्यूस-इट चाचणी? ८,१७९ जण, २५ टक्के फायदा.

नाडीपरीक्षा :

त्यात प्लासिबो म्हणून खनिज तेल होतं, आणि प्लासिबो गटाचं एलडीएल नि सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) वाढलं. तुलनेचा दगडच घसरत असेल तर उंची कशी मोजणार? मक्याचं तेल वापरलेली स्ट्रेंग्थ चाचणी २०२० मध्ये निष्फळ म्हणून थांबली. (त्यात औषध जरा वेगळं होतं, हे मान्य.)

तिरकस :

हा वाद सुरू झाला की धागा दोनशे पार. चाळ मालक, भाडेकरू भांडतायत.

केमिस्ट्री_चाळ :

त्यांना भांडू दे, पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. घोडं अडलं कुठे?

साखरझोप :

कंपनीच्या मनातलं सांगता येत नाही, विज्ञानातलं येतं. माझ्या मते घोडं अडलं ते तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या 'म्हणून ट्रायग्लिसराइड कमी' या 'म्हणून'वर.

२०१२ मध्ये मर्कच्या गटाने नायासिनचा प्रश्न उलगडला. जीपीआर१०९ए ला चेतवणारी दुसरी औषधं घेतली, एमके-१९०३ त्यांतलं एक. त्यांनी माणसांत एफएफए छान पाडलं, पण नायासिनने ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलमध्ये जो बदल होतो तो त्यांनी घडला नाही. आणि रिसेप्टरच नसलेल्या उंदरांत नायासिनचा लिपिडवरचा परिणाम कायम राहिला. अर्थ असा की नायासिनची लिपिडवरची करामत एफएफए पाडण्यातून येतच नव्हती. ज्या खांबावर 'चरबीपेशीला गप्प करा' ही इमारत उभी होती तोच हलला. त्यात नायासिनच्या मोठ्या चाचण्याही कोसळल्या. एम-हाय २०११ मध्ये थांबवली, एचपीएस२-थ्राइव्हमध्ये २५,६७३ जणांत फायदा नाही, आणि जानेवारी २०१३ मध्ये युरोपातून नायासिन-लॅरोपिप्रँट ही जोडगोळी मागे घेतली. जीएस-९६६७ चे आकडे त्याच वर्षी छापून आले. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

गोळी_क्रमांक_७ :

इथे मी असहमत. नायासिन-रिसेप्टरच्या औषधांनी एफएफए काही तासच खाली राहतं आणि उसळतं. त्यावरून 'एफएफए पाडून उपयोग नाही' हे सिद्ध होत नाही, 'दोन तास पाडून उपयोग नाही' एवढंच होतं. उसळी न येणारं औषध बारा आठवडे, रात्रंदिवस दिलं तर काय होतं, हा प्रयोग माणसांत झालाच नाही. यकृतात चरबी साचलेल्या लोकांत लेबल लावलेल्या (माग काढता येणाऱ्या) फॅटी ॲसिडने मोजलं तेव्हा यकृतातल्या ट्रायग्लिसराइडपैकी ५९ टक्के रक्तातल्या एफएफएतून आलेलं होतं, २६ टक्के यकृताने साखरेतून घडवलेलं आणि १५ टक्के आहारातलं. सगळ्यात जाड पाइप तोच आहे.

साखरझोप :

५९ टक्क्यांचा पाइप अर्धा बंद केला तर यकृत २६ चा मोठा करणार नाही कशावरून? साखर आणि इन्सुलिन दोन्ही भरपूर असलेल्या माणसात तर नक्कीच शक्य. आणि जेवणातून येणाऱ्या कायलोमायक्रॉनला (आहारातली चरबी वाहणारे कण) हे औषध हातही लावत नाही. हजाराच्या वरच्या रुग्णात रक्तात तीच दाटी असते, म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त त्याला उपयोग सगळ्यात कमी. तिथे आता एपीओ-सी३ (ट्रायग्लिसराइड फुटण्यात अडथळा आणणारं प्रथिन) अडवणारी औषधं आली, ओलेझार्सेनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, महिन्याला एक इंजेक्शन.

नाडीपरीक्षा :

हृदयाचं आणखी एक. निरोगी हृदयाची निम्म्याहून जास्त ऊर्जा फॅटी ॲसिडमधून येते. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गटाने २००६ मध्ये फुगलेल्या हृदयाच्या रुग्णांना ॲसिपिमॉक्स देऊन एफएफए पाडलं, तर हृदयाचं काम आणि कार्यक्षमता दोन्ही घटली. म्हणजे ए१ ला हृदयात अजिबात न छेडताही, नुसतं एफएफए पाडणं हा कमजोर हृदयाला धक्का आहे.

केमिस्ट्री_चाळ :

मग आज कुणी हे पुन्हा उघडलं तर कुठल्या रुग्णात?

गोळी_क्रमांक_७ :

ट्रायग्लिसराइड २०० ते ५००, यकृतात चरबी, इन्सुलिनला विरोध, हृदय आणि ईसीजी स्वच्छ. आपल्याकडे असे रुग्ण शोधावे लागणार नाहीत. आयसीएमआर-इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात, ज्यात महाराष्ट्रही होता, ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के निघाले. शेवटची मोजणी एमआरआयने यकृतातल्या चरबीची, बारा आठवड्यांनी. ट्रायग्लिसराइड दुय्यम. २४ तासांचा एफएफए आलेख, त्यात पहाटेचे नमुने हवेतच, कारण रात्रीच्या लांब उपासातच नळ सगळ्यात मोठा उघडा असतो आणि लवकर निघून जाणारं औषध तेव्हाच संपलेलं असतं. सावकाश सुटणारी गोळी करावी लागेल.

आकडेमोड :

होल्टर (अंगावर यंत्र लावून दिवसभर घेतलेला ईसीजी) दोन वेळा, औषधाआधी आणि सहाव्या दिवशी, पातळी स्थिर झाल्यावर. क्रिएटिनिन दर आठवड्याला. थिओफिलिन घेणारे बाहेर. कॅफिन सगळ्यांचं बंद, किंवा सगळ्यांना ठरलेलं माप. अर्धे घेणारे नि अर्धे न घेणारे असा गोंधळ नको.

दोन_कटिंग :

बारा आठवडे चहा बंद? स्वयंसेवक मिळाले की कळवा.

पिपेट :

@आकडेमोड, बंद करूच नका. बंद केल्याच्या पहिल्या आठवड्यात डोकेदुखीच्या तक्रारी येतील आणि त्या सगळ्या औषधाच्या नावावर चढतील. ठरलेलं माप द्या आणि दर भेटीला प्लाझ्मातलं कॅफिन मोजा, लोक कपांची संख्या खरी सांगत नाहीत.